झाडीपट्टीची वाट आणि सीड्यांचा डबा

मैत्रिणींनो, तुमच्या कपाटाचा अगदी वरचा खण आठवून बघा. लग्नाच्या अल्बमखाली, जुन्या विम्याच्या कागदांशेजारी चार-सहा सीड्या असतीलच. साधारण २००० ते २०१२ च्या दरम्यान ज्यांच्या घरी लग्नकार्य झालं, त्यांना फोटोवाल्याने अल्बमबरोबर दोन-तीन चकत्या हमखास दिल्या आहेत. हल्लीच्या लॅपटॉपला चकती घालायची खाचच नसते, म्हणून त्या तिथे पडून राहतात. पण त्यांत हसणारी, बोलणारी, अक्षता टाकणारी सगळीच माणसं काही आज आपल्यात नाहीत. मग त्या चकत्या अडगळ कशा म्हणायच्या?

आमच्या घरी तर अशा ५२ होत्या. चंद्रपूरला नव्हे, सासरच्या मूळ गावी, वडशाजवळ. गेल्या जानेवारीत मी त्या तिथून आणायला गेले आणि वाट वाकडी करून भामरागडला नणंदबाईंकडेही नेल्या. त्या प्रवासाची आणि त्यानिमित्ताने डबे, पाकिटं निवडण्याची ही हकीगत. आमच्या भागाची ओळखही त्यातून होईल.

आधी आमची झाडीपट्टी. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या जिल्ह्यांतला हा जंगलाचा आणि धानाचा मुलूख. धान कापून झालं, दिवाळी सरली, की गावोगावी मंडई भरते, बैलांचे शंकरपट होतात आणि रात्री नाटक. न्यायालयाच्या निर्णयामुळे २०१४ पासून पट बंद होते, ते आता कायद्याच्या चौकटीत पुन्हा भरतात. मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. नाटक मात्र चालूच होतं. रात्री जेवणं आटोपून बसायचं ते पहाटेपर्यंत! होळीपर्यंत हा हंगाम. नाटक मंडळ्यांचं मुख्य ठाणं वडसा म्हणजेच देसाईगंज. तिथल्या रस्त्यावरून चाला, मंडळ्यांच्या पाट्याच पाट्या. याच रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा आमच्याकडे घरचंच कार्य असल्यासारखा आनंद झाला.

आमचे मामाजी, म्हणजे माझे सासरे, शेती सांभाळून नाटकांत काम करायचे. आवाज असा, की ध्वनिक्षेपक बंद पडला तरी शेवटच्या रांगेला ऐकू जायचं. त्यांची गाणी, तालमी, दंडारीतले संवाद धाकट्या भाऊजींनी कॅसेटवर घेतले होते. २००७ साली नागपूरला त्या सगळ्या कॅसेट सीडीवर उतरवल्या आणि कॅसेट बुरशीने गेल्या. २०१३ साली मामाजी गेले. म्हणजे आता त्यांचा आवाज उरला तो या ५२ चकत्यांतच. सासूबाई एरवी काही मागत नाहीत. पण यंदा म्हणाल्या, "बाई, मले एकदा त्याईचा आवाज आयकव. घरी हाय ना ते पेटी."

एक गंमत सांगते. गडचिरोली जिल्हा चंद्रपूरमधून वेगळा झाला तो २६ ऑगस्ट १९८२ रोजी. त्याच महिन्यात, १७ तारखेला, जर्मनीत हॅनोव्हरजवळच्या कारखान्यात विक्रीसाठीची पहिली सीडी तयार झाली. ऑक्टोबरमध्ये जपानच्या दुकानांत सीड्या आल्यासुद्धा. आमचा जिल्हा आणि सीडी, दोघं एकाच वयाचे!

आता डब्याकडे वळण्याआधी चकती कशी असते ते समजून घेऊ. पातेलं कशाचं आहे हे कळल्याशिवाय ते कशाने घासायचं हे ठरत नाही, तसंच हे. सीडीचा व्यास १२ सेंटिमीटर आणि जाडी जेमतेम सव्वा मिलिमीटर. खालची बाजू पॉलिकार्बोनेट नावाच्या पारदर्शक प्लॅस्टिकची. त्यावर धातूचा अगदी पातळ थर, त्यावर रोगणाचा हात आणि वर छापील नाव. यंत्राचा किरण खालून प्लॅस्टिकमधून जातो आणि तो धातूचा थर वाचतो. आपण जपतो ती चकचकीत बाजू, पण नाजूक आहे ती नावाची! खालच्या बाजूला बारीक ओरखडा आला तर बहुधा चालून जातं. माहिती अशा हिशेबाने लिहिलेली असते, की सलग दोन-अडीच मिलिमीटर गेलं तरी यंत्र ते भरून काढतं. वरून मात्र नख लागून धातूच निघाला, तर तिथलं गाणं गेलं ते गेलंच. डीव्हीडीत थर मधोमध असतो, दोन पातळ चकत्या चिकटवलेल्या असतात. तिला वरच्या ओरखड्याचं भय कमी, पण वाकवलेलं अजिबात सोसत नाही.

आणि घरी उतरवलेल्या, म्हणजे यंत्रात 'राईट' केलेल्या सीडीत धातूबरोबर रंगाचा एक थर असतो. कापडाचा रंग उन्हात उडतो, तसा हाही उडतो. आमच्या सगळ्या ५२ याच जातीच्या.

निघण्यापूर्वी मी चंद्रपूरच्या बाजारात दोन संध्याकाळी घालवल्या. आता सीड्यांची दुकानं उरली नाहीत, पण स्टेशनरीच्या आणि संगणकाच्या जुन्या दुकानांत माळ्यावरून माल निघतो. चार प्रकार बघितले, तेच तुम्हालाही दिसतील.

पहिला, आपला नेहमीचा कडक पारदर्शक डबा. यात चकती मधल्या दातांवर अडकून अधांतरी राहते, तिच्या दोन्ही बाजूंना कशाचाही स्पर्श होत नाही. घरात ठेवायला याच्यासारखा दुसरा नाही. पण जाडी एक सेंटिमीटर आणि वजन चकतीच्या चार-पाचपट. ५२ डबे म्हणजे अर्ध्या मीटरहून लांब रांग आणि पाच किलोंच्या आसपास भार. शिवाय दात ठिसूळ. एक तुटला की चकती आत सैल होते आणि गाडीच्या प्रत्येक धक्क्याला घासते.

दुसरा, कागदी पाकीट. हलकं, स्वस्त, पण घडीत धूळ अडकते आणि काढता-घालताना तीच धूळ चकतीवर फिरते. आमच्याकडे याला आणखी एक शत्रू आहे, तो म्हणजे उधई. जंगलपट्टीतल्या मातीच्या घरात कागद दिसला की उधई लागलीच.

तिसरा, चेनची पिशवी, आत पुस्तकासारखी पानं. नुसत्या ५२ चकत्यांचं वजन किलोपेक्षा कमी भरतं, त्यामुळे प्रवासाला ही सोयीची. पण पान कशाचं आहे ते बघूनच घ्या. नुसतं गुळगुळीत, वासाचं, मऊ प्लॅस्टिक असेल तर नको. टेबलावरच्या जुन्या मेणकापडासारखं ते उष्णतेत चिकट होतं आणि चकतीवर डाग पडतात. एका बाजूला न विणलेलं मऊ कापड असलेली पानं घ्या. आणि पिशवी कडक कवचाची हवी. मऊ पिशवीवर कुणी बसलं की संपलंच.

चौथा, मधल्या दांड्यावर चकत्या रचायचा गोल डबा. कोऱ्या चकत्या अशाच मिळतात. भरलेल्यांसाठी हा घेऊ नका. एकीची खालची बाजू दुसरीच्या नावाच्या बाजूवर टेकते आणि मध्ये एक खडा आला तर दोघींचंही नुकसान.

मी काय केलं? १६ कडक डबे घेतले आणि ४० चकत्यांची एक कडक कवचाची पिशवी. मामाजींच्या एकट्याच्या गाण्यांच्या सीड्या डब्यात, तालमींच्या पिशवीत. डबे ठेवायला स्वयंपाकघरातला घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा आयताकृती डबा. स्टीलचा का नाही? स्टील उन्हात तापतं. नव्या पर्समधून, बुटांतून निघालेल्या सिलिका जेलच्या पुड्या मी टाकत नसते, त्या चार आत ठेवल्या. बांबूची झाकणाची पेटीही मनात होती. मूलच्या वाटेवर चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे, आणि आमच्या बुरूड बायांचं काम तर बघत राहावं असं. पण प्रक्रिया न केलेल्या बांबूला घुण लागतो, पीठ पडतं, आणि ते बारीक पीठ चकतीला नको. बाहेरची टोपली म्हणून बांबू उत्तम, आतला डबा म्हणून नाही.

चांदाफोर्ट स्टेशनातून गाडी धरली. चंद्रपूरकरांना ठाऊक आहे, ही एकेकाळची नॅरोगेज. आता रूळ रुंद झाले, तरी खिडकीबाहेरचं जंगल तेच. मूल मरोडा, राजोली, सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरी करत गाडी वैनगंगा ओलांडते आणि वडसा येतं. समोरच्या बाकावरची मावशी माझ्या मांडीवरचे रिकामे डबे बघून म्हणाली, "काहून वो बाई, खाली डबे कायले नेऊन राहिली?" मी सांगितलं. ती क्षणभर गप्प बसली आणि म्हणाली, "माह्या पोरीच्या लग्नाची बी हाये तसली. आता चालते का नाही, कोन जाने."

गावी पेटी उघडली. लोखंडी होती म्हणून उंदीर आणि उधई दूर राहिली, हे तिचे उपकार. पण तिच्यात कुणीतरी डांबराच्या गोळ्या टाकल्या होत्या. कपड्यांना त्या ठीक, प्लॅस्टिकला त्यांची वाफ मानवत नाही. काही डबे धुरकटले होते. चुलीच्या धुराचा एक बारीक थर सगळ्यावर. मी एक-एक चकती कडेला धरून दिव्यासमोर धरली. तुम्हीही घरी असंच करा. नावाची बाजू आपल्याकडे आणि दिवा पलीकडे. टाचणीच्या टोकाएवढे प्रकाशाचे ठिपके दिसले, तर तिथला धातू गेला असं समजा.

५२ पैकी ४७ चांगल्या. चारांवर ठिपके. आणि एकीवर भाऊजींनी तेव्हा हौसेने कागदाची चिकटपट्टी लावून नाव लिहिलं होतं. ती पट्टी सुकून वर आली होती आणि तिच्याबरोबर धातूचा रुपयाएवढा पापुद्रा. नाव वाचलं आणि माझा जीव खालीवर झाला. तीच ती, मामाजींनी म्हटलेल्या नांदीची. सासूबाईंनी विचारलं, "ते भेटलं का?" मी म्हटलं, "बघू, आई."

त्या रात्री शेजारच्या गावात नाटक होतं. थंडी अशी की गोधडी घेऊन बसलो. पहाटे परत आलो तेव्हा पडवीत ठेवलेल्या पिशवीवर दव होतं. अशा वेळी गार चकती एकदम उबदार खोलीत आणून यंत्रात घालू नका. गार तांब्यावर जसं पाणी सुटतं तसं तिच्यावर सुटतं. तासभर डब्यातच राहू द्या, मग उघडा.

धूर काढायला मी कोमट पाण्यात साध्या साबणाचा एक थेंब आणि जुनं धुवट सुती कापड घेतलं. पुसायचं ते मधल्या भोकाकडून कडेकडे, सरळ. ताट पुसतो तसं गोल गोल नाही. माहिती गोल रेघेत लिहिलेली असते. गोल ओरखडा तिला लांबवर खातो, आडवा ओरखडा नुसता छेदून जातो.

वडशाहून पुढचा प्रवास एसटीने. आरमोरी, गडचिरोली, चामोर्शी. चामोर्शीजवळच मार्कंडा. वैनगंगा तिथे उत्तरेकडे वळते आणि काठावर जुनी दगडी देवळं आहेत. महाशिवरात्रीला मोठी जत्रा भरते. वेळ काढून नक्की बघा. पुढे आष्टी. त्याच भागात चपराळ्याला वर्धा आणि वैनगंगा एकमेकींना भेटतात आणि प्राणहिता होऊन पुढे जातात. मग आलापल्ली, तिथलं सागाचं जंगल, आणि तिथून साठ-पासष्ट किलोमीटरवर भामरागड.

या रस्त्याने डब्यांची खरी परीक्षा घेतली. खनिजाच्या ट्रकांनी रस्ता उखडलेला, लाल धूळ खिडकीतून थेट पदरावर. डबा मी वरच्या फळीवर ठेवला नाही, मागच्या बाकाखालीही नाही. मांडीवर धरला, म्हणजे धक्के अंगावर झेलले जातात. आतले सोळा डबे उभे ठेवले होते आणि उरलेल्या फटींत सुती रुमाल कोंबले होते, हलायला जागाच नको. बरण्या नेताना आपण करतो तेच हे. चेनच्या पिशवीला बाहेरून आणखी एक कापडी पिशवी, कारण चेनच्या दातांतून धूळ शिरते. पोचल्यावर मोजलं. एका डब्याचे दोन दात तुटले होते, पण चकत्या सगळ्या सुखरूप.

भामरागडला पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या तीन नद्या मिळतात. अलीकडेच हेमलकसा आहे. तिथला लोकबिरादरी प्रकल्प बाबा आमट्यांनी १९७३ साली सुरू केला. नणंदबाईंचे यजमान याच भागात नोकरीला आहेत. पर्लकोटेच्या पुराने भामरागडचा संपर्क तुटला, ही बातमी आम्ही वर्षानुवर्षं पावसाळ्यात वाचत आलो आहोत. अशा दमट गावी चकत्या टिकतात का, हा प्रश्नच.

आणि ऐका. मी ती फुटक्या नशिबाची नांदीची सीडी दाखवली तेव्हा वन्सं उठल्या आणि फळीवरून बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा काढला. त्यात पोथीच्या पानांत सुती फडक्यात गुंडाळलेली एकच सीडी. २००७ सालीच भाऊजींनी त्यांना एक प्रत करून दिली होती, तीच नांदी! घरी यंत्र नाही म्हणून त्यांनी ती कधी लावलीच नव्हती. पुसली, शेजारच्या मास्तरांच्या जुन्या संगणकावर लावली. पहिले काही क्षण नुसती खरखर. मग पेटीचा सूर आणि मामाजींचा आवाज. वन्सं भिंतीला टेकून बसल्या, डोळ्यांना पदर. आम्ही कुणी बोललो नाही.

मैत्रिणींनो, मला त्या दिवशी पटलं ते हे. चांगला डबा चकतीचं आयुष्य वाढवतो, पण आवाज वाचवते ती दुसरी प्रत, आणि तीही दुसऱ्या घरी ठेवलेली. परतताना गोंडपिपरी, बल्लारपूरमार्गे चंद्रपूरला आले आणि आठवड्याभरात सगळ्या ४७ सीड्या उतरवून घेतल्या. संगणकाला बाहेरून जोडायचं छोटं यंत्र मिळतं, ते पुरतं. ठिपके असलेल्या चारांपैकी दोन पूर्ण निघाल्या, दोन अर्ध्या. एक प्रत पेन ड्राइव्हवर आमच्याकडे, एक वन्संकडे, एक नागपूरला भाऊजींकडे. सासूबाई आता दुपारी वाती वळताना ऐकतात.

मूळ चकत्या मात्र टाकल्या नाहीत, तुम्हीही टाकू नका. पेन ड्राइव्ह कधी रुसेल सांगता येत नाही. त्या कुठे ठेवायच्या? आमच्या चंद्रपूरचा उन्हाळा तुम्हाला ऐकून माहीत असेलच, मे महिन्यात पारा ४६-४७ वर जातो. म्हणून गच्चीखालचा माळा नको, पश्चिमेच्या भिंतीचं कपाट नको, आणि गाडीत काचेखाली तर मुळीच नको. घरातल्या सर्वांत थंड खोलीत, जमिनीपासून हातभर वर, अंधारात. आडव्या रचू नका, पुस्तकांसारख्या उभ्या लावा, म्हणजे वजनाने वाकत नाहीत. पावसाळ्याआधी आणि नंतर डबा एकदा उघडा. रंग बदलणारं निळं सिलिका जेल गुलाबी झालं असेल तर बदला. मुलांच्या हाताला ते लागू देऊ नका. दमट हवेला हलकं समजू नका. २००१ साली स्पेनमधल्या शास्त्रज्ञांनी बेलीझ या उष्ण-दमट देशातली एक सीडी तपासली, तर बुरशीने चकतीचं प्लॅस्टिक आणि धातूचा थर खाल्लेला आढळला होता. गडचिरोलीच्या पावसात राहणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

नाव लिहायचं असेल तर बॉलपेन नको, टोक रुततं. मऊ टोकाच्या सीडीच्या पेनने मधल्या पारदर्शक गोलावर नुसता क्रमांक घाला. आणि एका वहीत त्या क्रमांकापुढे लिहा : काय आहे, कुणाचा आवाज, कोणतं साल, दुसरी प्रत कुणाकडे. ही वही घरातल्या थोरल्या माणसाला जवळ बसवून लिहा. "हा मागे बोलतो तो कोण?" हे सांगणारं माणूस आहे तोवरच.